कार्ड मिळालं, पुढे काय?

(किनारपट्टीतल्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडंसं संपादन केलं आहे.)

काल रात्री जेवताना एकीनं मला विचारलं, "अगं, उद्या तू म्हणे स्कूबा डायव्हिंगवर बोलणार आहेस. पोटगी, रेशन, दारूबंदी सगळं सोडून हे काय नवीनच काढलंस?" तिच्या विचारण्यात चूक नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी मासे बघायला जाणं हा पैसेवाल्यांचा छंद आहे, असं मलाही वाटायचं. समाजकार्याचं एम.ए. करताना आम्हाला कुणी पोहणंसुद्धा शिकवलं नव्हतं. मी पोहायला शिकले ती मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून.

मी या विषयाकडे वळले ती छंद म्हणून नाही. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या वाड्यांत बचत गटांचं काम करत असताना एका देणगीदारानं तीन मुलींच्या स्कूबा प्रशिक्षणाचा खर्च उचलायची तयारी दाखवली. मुली मच्छीमारांच्या घरातल्या, बारावी झालेल्या, पाण्याला न घाबरणाऱ्या. घरचे मात्र अडून बसले. पोरींना परक्या पुरुषांबरोबर पाण्यात कसं पाठवायचं? शेवटी एकीची आई म्हणाली, "ताई, तुमी वांगडा येतल्यात, तर धाडतंव." झालं. सोबत म्हणून गेलेली मीही तो कोर्स केला. चौघींनाही कार्ड मिळालं. फोटो निघाले, हार घातले गेले, देणगीदाराच्या अहवालात आमचा फोटो छापून आला.

आज मला बोलायचं आहे ते त्या फोटोनंतर जे घडलं, आणि जे घडलं नाही, त्याविषयी.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते समजून घेऊ. मालवणला, तारकर्लीला पर्यटक येतात, गाइड त्यांना धरून पाच-सात मीटर खाली नेतो, फोटो काढतो, वर आणतो. त्याला कार्ड लागत नाही आणि मिळतही नाही. ती नुसती चव आहे. कार्डाचा कोर्स वेगळा. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली पॅडी आणि तिच्यासारख्या आणखी काही संस्था तो चालवतात. पॅडीच्या पहिल्या पायरीचं नाव ओपन वॉटर डायव्हर. थोडा अभ्यास, तलावात किंवा शांत पाण्यात सराव आणि मग खुल्या पाण्यात चार डाइव्ह. एवढं पार पाडलं की तुम्हाला कार्ड मिळतं. ते सांगतं की ही बाई आता प्रशिक्षकाशिवाय, एका जोडीदाराबरोबर, १८ मीटरपर्यंत जाऊ शकते. आणि या कार्डाला मुदत नसते. आज मिळालं ते दहा वर्षांनीही चालतं.

चार डाइव्ह! मैत्रिणींनो, आपण शिवणयंत्राचा कोर्ससुद्धा तीन महिन्यांचा ठेवतो.

कोर्स वाईट नव्हता. आमच्या प्रशिक्षकानं मनापासून शिकवलं. मास्कमध्ये पाणी शिरलं तर ते कसं काढायचं, तोंडातून रेग्युलेटर सुटला तर कसा शोधायचा, श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना घाई करायची नाही, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, हे सगळं झालं. पण हे एकदा किंवा दोनदा करून दाखवणं वेगळं, आणि मनात धास्ती भरलेली असताना हातानं आपोआप करणं वेगळं. पहिलं कार्ड मिळालेली बाई साधारण तिथे उभी असते, जिथे गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळालेली बाई उभी असते. फरक इतकाच की तिच्या हातात पक्कं लायसन्स असतं आणि ते कुणी परत मागत नाही.

त्यानंतर पावसाळा आला. आपल्याकडे पावसाळ्यात दर्या बंद. चार महिने गेले, मग सणवार, मग एकीचं लग्न ठरलं. वर्षभरानं मी तिघींना भेटले तेव्हा तिघीही एकदासुद्धा पाण्याखाली गेल्या नव्हत्या. त्यातली एक मला म्हणाली, "ताई, कार्ड गावला, पण माका दर्यात व्हरतलो कोण?"

मला दर्यात नेणार कोण? हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. ज्या मुलीला तिच्या कार्डानुसार स्वतः जाता यायला हवं, ती कुणीतरी नेण्याची वाट बघत होती. तेव्हा मला वाटलं, हा तिचा संकोच आहे. पुढे माझ्यावरच वेळ आली, तेव्हा कळलं की संकोचाइतकंच शिक्षण अपुरं असण्याचंही हे लक्षण आहे.

कोर्सला सव्वा वर्ष झाल्यावर मी एका ठिकाणी डाइव्हला गेले. जागा कुठली, केंद्र कुठलं ते सांगत नाही, कारण गोष्ट एका केंद्राची नाही. होडीवर सात जण होतो, त्यात मी एकटी बाई. गाइडनं माझं कार्ड बघितलं, मी शेवटची डाइव्ह कधी केली ते विचारलं नाही. माझं जाकीट त्यानंच जोडलं, सिलिंडर त्यानंच उघडला, कमरेच्या पट्ट्यात शिशाची वजनं त्यानंच ओवली. किती ओवली ते मी विचारलं नाही. "मॅडम, तुम्ही नुसतं माझ्याकडे बघत राहा. बाकी सगळं मी बघतो," तो म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कुणीतरी आपली काळजी घेतंय, याचं बरं वाटलं.

खाली गेल्यावर लक्षात आलं की वजन जास्त झालंय. मी तळाकडे ओढली जात होते. मग जाकिटात हवा भर, ती जास्त झाली की वर उचलली जा, मग हवा काढ, पुन्हा खाली. या खटपटीत श्वास जोरजोरात चालला होता. सोळा मीटरवर काटा बघितला तर ७० बार. सुरुवातीला २०० होते. मी गाइडला बोटांनी आकडा दाखवला. त्यानं हातानं 'ठीक आहे, थांबा' अशी खूण केली. तो दुसऱ्या दोघांना खडकाच्या फटीतला काहीतरी मासा दाखवत होता. काटा ५० वर आला. आम्हाला शिकवलं होतं की ५० उरले की वर निघायचं. मी निघाले नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले, कारण त्यानं तसंच सांगितलं होतं. काटा ३० वर आला तेव्हा त्याचं लक्ष गेलं. त्यानं पटकन आपला जादा रेग्युलेटर माझ्या हातात दिला आणि आम्ही वर आलो. काही झालं नाही. होडीवर सगळे म्हणाले, "काय मज्जा आली ना, मॅडम?" मीही हसून हो म्हणाले.

त्या रात्री मला झोप आली नाही. आपण शिबिरांतून बायकांना सांगतो, नाही म्हणायला शिका. मी स्वतः त्याची सत्रं घेते. आणि सोळा मीटर पाण्याखाली, माझा स्वतःचा श्वास संपत आलेला असताना, मला नाही म्हणता आलं नाही.

नाही म्हणायची खूण तर मला शिकवलेली होती. डायव्हिंगमध्ये वर केलेला अंगठा म्हणजे 'छान' नव्हे. 'ठीक आहे'साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. उभा अंगठा म्हणजे 'वर चला, डाइव्ह संपली.' जगभरचे अनुभवी डायव्हर एक नियम पाळतात: कुणीही, केव्हाही, कुठल्याही कारणासाठी डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला कारण विचारायचं नाही. एकानं अंगठा दाखवला की दुसऱ्यानं वर निघायचं. चर्चा नंतर होडीवर. आपल्या मराठीतही अंगठा दाखवणं म्हणजे नकार देणंच. इतका सरळ हक्क आपल्याला बाहेरच्या जगात क्वचितच कुणी देतं. पण हक्क माहीत असणं आणि तो वापरता येणं यांत केवढं अंतर आहे, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पोटगीचा कायदा आहे हे माहीत असलेल्या किती जणी कोर्टाची पायरी चढतात?

मी अंगठा का दाखवला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. बाईपणाचा भिडस्तपणा त्यात होता, सहा पुरुषांची मजा बिघडवायची नाही हेही होतं. पण त्याहून मोठं कारण असं की मला माझ्या स्वतःच्या अंदाजावर विश्वास नव्हता. ५० बार म्हणजे नेमकी किती मिनिटं, हे मला सांगता आलं नसतं. ज्याला हिशेब येत नाही तो हिशेबनिसाच्या तोंडाकडे बघतो.

म्हणून तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडते. फळ्यावर लिहून घ्या, अवघड नाही. डायव्हिंगला नेहमी वापरतात तो सिलिंडर साधारण ११ लिटरचा, त्यात २०० बार दाबानं हवा भरलेली. म्हणजे २,२०० लिटर. त्यातली ५० बार राखीव ठेवायची, मग वापरायला उरली १,६५० लिटर. जमिनीवर आपण मिनिटाला समजा २० लिटर हवा घेतो. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, तेव्हा श्वासाला हवा दुप्पट लागते, मिनिटाला ४० लिटर. वीस मीटरवर तिप्पट, ६० लिटर. म्हणजे तोच सिलिंडर दहा मीटरवर ४१ मिनिटं पुरतो आणि वीस मीटरवर २७ मिनिटं. आता बाई घाबरलेली आहे, वजन जास्त आहे, हातपाय मारते आहे, म्हणून मिनिटाला २० ऐवजी ३० लिटर घेते. वीस मीटरवर तिला १८ मिनिटंच मिळाली. शेजारच्या शांत डायव्हरला २७ मिनिटं. दोघांना एकाच गाइडच्या घड्याळावर चालवलं तर काय होईल, ते तुम्हीच सांगा.

बचत गटाची वही लिहिणाऱ्या कुठल्याही बाईला हे गणित जमेल. पहिल्या कोर्सच्या पुस्तकात याचा गाभा असतोही. पण तो स्वतःच्या श्वासावर, स्वतःच्या काट्यावर मोजून बघण्याइतका वेळ चार डाइव्हमध्ये मिळत नाही. तो वेळ पुढच्या शिक्षणात मिळतो.

मग मी पुढे शिकायचं ठरवलं. पैसे जमवायला वेळ लागला, पण एकेक पायरी चढले. त्या पायऱ्या थोडक्यात सांगते.

पहिली पायरी उजळणीची. जुनी कसबं पुन्हा तलावात करून बघायची. त्याच वेळी तरंगण्याचा तोल साधायला शिकायचं. माझ्या कमरेला शिसं किती हवं, हे मला तिथे कळलं. रीत सोपी आहे. सगळं साहित्य चढवून पाण्यात उभं राहायचं, जाकिटातली हवा काढायची, साधा श्वास घेऊन क्षणभर थांबायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं आणि श्वास सोडल्यावर आपण बुडू लागलो, तर वजन बरोबर. ही तपासणी पृष्ठभागावरच करायची, खाली गेल्यावर श्वास रोखायचा नाही. गाइडला आपलं माणूस लवकर खाली न्यायचं असतं, म्हणून तो दोन तुकडे जादा ओवतो. त्याचं काम सोपं होतं, आपलं अवघड. माझी दोन किलो वजनं कमी झाली आणि तोच सिलिंडर मला कितीतरी जास्त पुरू लागला.

दुसरी पायरी अॅडव्हान्स्ड. यात वेगवेगळ्या प्रकारच्या पाच डाइव्ह. त्यांत खोल पाण्याची आणि दिशा ओळखण्याची या दोन सक्तीच्या. यानंतर ३० मीटरपर्यंत जाता येतं. मला खोलीपेक्षा होकायंत्राचा उपयोग जास्त झाला. होडी कुठल्या बाजूला आहे हे ज्या दिवशी मला गाइडला न विचारता कळलं, त्या दिवशी मी पहिल्यांदा पाण्याखाली मान वर करून इकडेतिकडे बघितलं. याच कोर्समध्ये आणखी एक गोष्ट नीट समजली. डाइव्ह करताना अंगात नायट्रोजन साठतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो, म्हणून एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. हे वाक्य आम्ही पहिल्या कोर्सलाही पाठ केलं होतं. पण आपल्याकडे विमान कुठलं, आपण तर त्याच संध्याकाळी आंबोली चढून कोल्हापूर-पुण्याकडे निघतो! उंची ही उंचीच. खोल आणि लागोपाठ डाइव्ह केल्यावर घाट चढण्याआधीही हा विचार करावा लागतो. पाठ केलेलं वाक्य आपल्या रस्त्याला लावून बघणं, यालाच मी पुढचं शिक्षण म्हणते.

तिसरी पायरी रेस्क्यू डायव्हर. माझ्या मते खरं कार्ड हेच. यात आधी स्वतःला सावरायला शिकवतात, मग दुसऱ्याला. घाबरलेल्या माणसाचे डोळे कसे दिसतात, तो घाबरण्याआधीच कसं ओळखायचं, बेशुद्ध माणसाला तळातून वर कसं आणायचं, ओढत किनाऱ्यापर्यंत कसं न्यायचं. सरावाला माझ्या वाट्याला पंच्याऐंशी किलोचा गडी आला. मला वाटलं, हे काही जमायचं नाही. पण त्याचं शिसं सोडून दिलं, जाकिटात हवा भरली, की त्याचा भार पाणीच उचलतं. ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा. पंचावन्न किलोच्या मी त्याला ओढत आणलं. त्यानंतर कुणी "मॅडम, बाकी सगळं मी बघतो" म्हणालं, की मी हसून सांगते, "बघा ना. मीही बघते."

या कोर्ससाठी प्रथमोपचार आणि छाती दाबून हृदय चालू करण्याचं प्रशिक्षण लागतं, तेही गेल्या दोन वर्षांतलं. मिनिटाला १०० ते १२० या गतीनं तीस वेळा छाती दाबायची, मग दोन श्वास द्यायचे. बुडालेल्या माणसाला श्वास देणं विशेष महत्त्वाचं, कारण तो मुळात हवेवाचून गेलेला असतो. हे एकट्या डायव्हरच्या कामाचं नाही. नदीकाठच्या, तळ्याकाठच्या प्रत्येक गावात हे येणारी एक तरी बाई हवी. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि माणसं दगावली. संकट पाण्याखालीच येतं असं नाही. ते किनाऱ्याजवळ, डाइव्ह संपल्यावरही येतं, आणि अशा वेळी किनाऱ्यावर बायका असतातच.

आता बायकांचे म्हणून जे प्रश्न आहेत, त्यांवर थोडं. पहिल्या कोर्समध्ये आमच्या मुलींना पाळीविषयी विचारायचं होतं, पण प्रशिक्षक पुरुष, त्यामुळे तिघी गप्प. एकीनं त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून डाइव्ह चुकवली. पुढच्या कोर्सला मला बाई प्रशिक्षक मिळाली, तिनं आपणहूनच विषय काढला. तब्येत ठीक असेल तर पाळीत डाइव्ह करायला हरकत नाही. रक्तामुळे शार्क येतात वगैरे गोष्टींना आधार नाही. मात्र दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल, तर डाइव्ह करायची नाही. पोटातल्या बाळावर या दाबाचा काय परिणाम होतो हे पक्कं माहीत नाही, म्हणून हा सावधपणा. आणि जाकीट! पुरुषांच्या मापाचं जाकीट बाईच्या अंगावर सरकतं, पट्टे छातीवर काचतात, सिलिंडर डोक्याला लागतो. मग बाई म्हणते, "मलाच जमत नाही." दोष मापाचा असतो. आपलं माप मागून घ्यावं, हे कळायलाही दोन-चार प्रकारची जाकिटं वापरून बघावी लागतात.

जोडीदाराची व्यवस्थाही नीट समजून घेतली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी बाई नवऱ्याबरोबर डाइव्ह शिकते आणि तोच तिचा कायमचा जोडीदार. तो तिचा काटा बघतो, तोच वर-खाली ठरवतो. आपल्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, तसलाच हा प्रकार. पण पाण्याखालच्या जोडीचं तत्त्व बरोबरीचं आहे. माझी हवा संपली तर तुझी मला, तुझी संपली तर माझी तुला. यात एकाला काहीच येत नसेल तर ती जोडी नव्हे. मग दुसरा खरं तर एकटाच असतो आणि सोबत एक ओझं वाहत असतो. उद्या त्यालाच काही झालं तर? म्हणून मी म्हणते, बाईनं पुढचं शिक्षण घेणं ही तिच्या जोडीदाराचीही गरज आहे.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, ही कोर्सची दुकानदारी आहे. एक झाला की दुसरा, प्रत्येकाची फी वेगळी. हे काही अंशी खरं आहे. कार्डं जमवणारे लोक मी बघितले आहेत, ज्यांच्या पाकिटात सहा कार्डं असतात आणि तोल साधत नाही. कोर्सवर कोर्स घेणं म्हणजे शिकणं नव्हे. दोन कोर्सच्या मध्ये साधा सराव हवा. प्रत्येक डाइव्हची वही लिहायची: किती खोल, किती वेळ, सुरुवातीला किती हवा, शेवटी किती, वजन किती, काय चुकलं. प्रत्येक डाइव्हला मास्क एकदा काढून घालायचा. होडीवर जोडीदाराचं साहित्य तपासायचं, आपलं तपासू द्यायचं. याला पैसे पडत नाहीत.

कोरियाच्या जेजू बेटावर बायका पिढ्यान् पिढ्या समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले, समुद्रवनस्पती काढतात. त्यांना हेन्यो म्हणतात. सिलिंडर नाही, फक्त छातीतला श्वास. २०१६ साली युनेस्कोनं त्यांच्या संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांच्यात कसबानुसार तीन पायऱ्या आहेत आणि सगळ्यात वरच्या पायरीवरच्या बाया बाकीच्यांना वाट दाखवतात. पूर्वी डाइव्हच्या आधी आणि नंतर त्या दगडी आडोशात शेकोटीभोवती बसत. कुठला प्रवाह वाईट, आज कुणी जास्त वेळ खाली राहिलं, हे बोलणं तिथे व्हायचं. आपल्या मुलींना कार्ड मिळालं, ती शेकोटी मिळाली नाही.

दुसरं उदाहरण १९७० सालचं. अमेरिकेनं व्हर्जिन बेटांजवळ सुमारे १५ मीटर खोल पाण्यात एक घर बसवलं होतं, शास्त्रज्ञांनी आत राहून संशोधन करावं म्हणून. त्या टेक्टाइट प्रकल्पात सिल्व्हिया अर्ल यांच्या नेतृत्वाखाली पाच बायकांची तुकडी दोन आठवडे पाण्याखाली राहिली. बायका आणि पुरुष एकत्र नकोत, म्हणून बायकांची वेगळी तुकडी! वर आल्यावर वर्तमानपत्रांनी त्यांच्या संशोधनापेक्षा त्यांच्या बाईपणाचंच कौतुक जास्त केलं. त्या मुळातच डायव्हर होत्या, तरी या मोहिमेआधी त्यांना नव्या साहित्याचं नवं प्रशिक्षण घ्यावंच लागलं. येणारीलाही पुन्हा शिकावं लागतं, ही त्यातली गोष्ट मला आपल्यासाठी महत्त्वाची वाटते.

आपल्यातल्या थोरल्या ताईंना हे नवीन नाही. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, पुढे जिल्ह्या-जिल्ह्यांत मोहिमा झाल्या. रात्रीच्या वर्गांत बाया सही करायला शिकल्या. नंतर जिथे वाचायला पुस्तक मिळालं, वर्ग चालू राहिला, तिथे त्या वाचत्या राहिल्या. जिथे वर्ग बंद पडला, तिथे काही वर्षांत पुन्हा अंगठ्यावर आल्या. तेव्हाच 'निरंतर शिक्षण' हा शब्द आपल्याकडे रुळला. नवसाक्षर बाईसारखीच ही नवी डायव्हर आहे.

यात रोजगाराचा प्रश्नही आहे. आपल्या किनाऱ्यावर पर्यटनात बाई कुठे दिसते? निवास-न्याहारीच्या स्वयंपाकघरात. होडीवर आणि पाण्याखाली, जिथे पैसा जास्त, तिथे बहुतेक पुरुष. वेंगुर्ल्याला बचत गटाच्या बायकांनी खारफुटीची होडीतून सफर सुरू करून दाखवली आहे, म्हणजे हे अशक्य नाही. पण पहिल्या कार्डावर कमाई करता येत नाही. त्यासाठी डाइव्हमास्टर व्हावं लागतं. त्याआधी रेस्क्यू, आणि कोर्स सुरू करायला ४० डाइव्हची नोंद, पुरा करायला ६०. प्रशिक्षक होण्यासाठी १००. म्हणजे चार डाइव्हवर थांबवलेली मुलगी रोजगाराच्या दाराशी पोचलेलीच नसते. आपण तिच्या नावानं अहवाल मात्र लिहून मोकळे होतो. यात मी स्वतःलाही धरते.

आमच्या तिघींचं पुढे काय झालं, ते सांगून संपवते. एक लग्न होऊन घाटावर गेली, तिचं कार्ड माहेरच्या कपाटात आहे. दुसरी घरचा होमस्टे सांभाळते, पर्यटकांना कुठे जपावं ते सांगते, पण पुन्हा पाण्यात उतरली नाही. तिसरी, जिनं 'माका व्हरतलो कोण' विचारलं होतं, ती माझ्याबरोबर उजळणीला आली, मग अॅडव्हान्स्ड, मग रेस्क्यू. तिच्या वहीत आता ४३ डाइव्ह आहेत. गेल्या हंगामात आम्ही दोघी एकत्र खाली गेलो होतो. बारा मीटरवर पाणी गढूळ झालं, मला तिचे फक्त फिन्स दिसत होते. तिनं वळून मला अंगठा दाखवला. अजून अर्धा सिलिंडर शिल्लक होता. मी अंगठा दाखवून उत्तर दिलं आणि आम्ही वर आलो. होडीवर मी तिला कारण विचारलं नाही. तिनंच सांगितलं, "माका आवडला नाय पाणी." पुरेसं आहे.

तीनपैकी एक. बाकीच्या दोघी कमी हुशार नव्हत्या, आम्ही त्यांचा खर्च चौथ्या डाइव्हला थांबवला होता.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. किनाऱ्यावर मुलींसाठी असं प्रशिक्षण घ्याल, तर अर्जात पहिल्या कार्डाबरोबरच पुढच्या दोन हंगामांच्या सरावाचा, रेस्क्यूचा आणि प्रथमोपचाराचा खर्च मागा. देणगीदार नाही म्हणाला तर मुली कमी घ्या, पण अर्ध्यावर सोडू नका. दुसरं, एकटीदुकटीला पाठवू नका, निदान चौघींचा गट करा, महिन्यातून एकदा वह्या घेऊन बसा, पावसाळ्यातही. आपली शेकोटी आपणच पेटवायची. तिसरं, सगळ्यांत आधी अंगठा शिकवा. पहिल्या दिवशी, कोरड्या जमिनीवर, गमतीगमतीत. आणि जी दाखवेल तिला का म्हणून विचारू नका.

एवढं बोलून थांबते. प्रश्न असतील तर जेवणाआधी घेऊ. आणि ज्यांना छाती दाबण्याची पद्धत शिकायची आहे, त्यांनी दुपारी मागच्या पडवीत या. उशी मी आणली आहे.